संस्थेतल्या कॉम्प्युटर सिस्टीमवर रिसर्च करताय? गूगल फॉर्म बनवायच्या आधी एवढं क्रमाने करा

एमबीएचा प्रोजेक्ट असो नाहीतर पीएचडी, संस्थांमधल्या माहिती प्रणालींवर काम करणाऱ्या बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं, ते म्हणजे क्रम. आधी टायटल ठरतं, मग कुणाच्या तरी जुन्या थिसिसमधून प्रश्नावली उचलली जाते, तिचा गूगल फॉर्म होतो, तो कॉलेजच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, ३८४ फॉर्मचा ठरलेला आकडा भरला की एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर उघडायचं, आणि हायपोथिसिस म्हणजे तपासायचं गृहीतक सगळ्यात शेवटी, जे सिग्निफिकंट (नुसत्या योगायोगाचं न वाटणारं) आलं त्यावर बेतून. वर्ष-दोन वर्षं घालवलेली असतात हो यात, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेला परीक्षक एवढंच विचारतो की यातून त्या संस्थेबद्दल नेमकं काय कळलं, आणि तिथे उत्तर नसतं.

म्हणून इथे फक्त क्रम सांगतोय, कुठल्या टप्प्यावर काय तयारी लागते आणि कुठे घसरायला होतं. उदाहरण एकच धरून चालू: सहकारी साखर कारखान्याचं स्टोअर, जिथे ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर, बसवून काही वर्षं झालीत. तुमची जागा अर्बन बँक असेल, हॉस्पिटल असेल, नगरपालिका असेल, क्रम तोच राहतो.

टप्पा १: आधी जागेवर जाऊन काम बघा

टायटल ठरवायच्या आधी संस्थेत जा. लेखी परवानगीचं पुढे बघू, सुरुवातीला ओळखीच्या कुणामुळे दोन-तीन दिवस नुसतं बसायला मिळालं तरी पुष्कळ झालं, फक्त ज्यांच्या टेबलाशी बसणार त्यांना तुम्ही कोण आणि कशासाठी आलाय ते आधीच सांगा. फॉर्म न्यायचा नाही, रेकॉर्डिंग तर अजिबात नाही. एक वही आणि पेन.

बघायचं काय, तर सिस्टीममध्ये काय नोंदलंय आणि प्रत्यक्ष काय घडतंय यातलं अंतर. कागदावर स्टोअरची प्रोसेस सरळ असते: मिल विभागाकडून इंडेंट म्हणजे मालाची मागणी येते, विभागप्रमुख ती स्क्रीनवर मंजूर करतो, स्टोअरकीपर इश्यू स्लिप काढून माल देतो आणि स्टॉक आपोआप कमी होतो. आता गाळप जोरात चालू आहे आणि रात्री दोनला मिलचं बेअरिंग गेलं असं समजा. मिल उभी, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढतेय, अशा वेळी मंजुरीसाठी झोपलेल्या साहेबांना उठवून लॉगिन करायला कोण सांगणार? फिटर येतो, रजिस्टरवर सही करतो, बेअरिंग घेऊन जातो. सिस्टीममधली एन्ट्री दुसऱ्या दिवशी होते, कधी आठवड्याने. मग रॅकवरचं बिन कार्ड (त्या मालाची आवक-जावक लिहायचं कार्ड) एक आकडा सांगतं, रजिस्टर दुसरा आणि स्क्रीन तिसरा. तुमचा रिसर्च या तीन आकड्यांच्या मधे आहे, आणि तो घरी बसून फॉर्म बनवून कधीच सापडणार नाही.

वहीत काय काय टिपायचं ते सांगतो. कॉम्प्युटरशेजारी कुठलं रजिस्टर उघडं असतं, एकाचा पासवर्ड दुसरं कोण वापरतं, एक्सेलमध्ये वेगळं काय ठेवलंय, खरं तर सिस्टीममधून जायला हवेत असे कोणते निरोप व्हॉट्सॲपवर जातात, आणि काही अडलं की माणूस पहिला फोन कुणाला लावतो. हा शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. सिस्टीम खरी कुणाच्या जोरावर चालते ते त्या फोनवरून कळतं, आणि बरेचदा तो माणूस आयटी विभागातला नसतोच.

सावध राहा: असं काही दिसलं की लगेच "नियम मोडतात", "कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग नाही" असं लिहून मोकळं होऊ नका. रात्री दोनला रजिस्टरवर बेअरिंग देणारा स्टोअरकीपर कारखाना चालू ठेवतोय. सिस्टीमला वळसा घालून माणसं जे करतात त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते कारण शोधणं हाच अर्धा अभ्यास आहे.

टप्पा २: प्रश्न एका वाक्यात लिहा आणि कुणाचा अभ्यास करताय ते ठरवा

"साखर उद्योगातील ईआरपीचा अभ्यास" हा प्रश्न नाही, हे कपाटावरचं लेबल आहे. प्रश्न असा पाहिजे: "ईआरपी येऊन काही वर्षं झाली तरी स्टोअरमध्ये कागदी रजिस्टर का टिकून राहिलं, आणि त्याचा स्टॉकच्या आकड्यावर काय परिणाम होतो?" यात जागा कळते, कोडं कळतं आणि कसला डेटा लागेल तेही कळतं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. तुमचं एकक काय? म्हणजे निष्कर्ष कशाबद्दल काढणार: एका माणसाबद्दल, विभागाबद्दल, का अख्ख्या संस्थेबद्दल? टायटल असतं "संस्थेच्या कामगिरीवर माहिती प्रणालीचा परिणाम" आणि डेटा असतो एकाच संस्थेतल्या २०० क्लार्कच्या मतांचा. एका कारखान्यातले २०० जण म्हणजे २०० कारखाने होत नाहीत, संस्था म्हणून तुमच्याकडे केस एकच आहे. संस्थेच्या पातळीवर आकडेवारीने बोलायचं असेल तर बरेच कारखाने लागतील आणि प्रत्येक ठिकाणचा जाणकार माणूस लागेल. तेवढं जमणार नसेल तर प्रश्न खाली आणा, माणसांबद्दल बोला, नाहीतर एकच संस्था घ्या पण खोलात शिरून केस स्टडी करा. दोन्ही चालतं, फक्त टायटल आणि डेटा एकाच पातळीवर पाहिजेत.

दुसरं ठरवायचं ते म्हणजे सिस्टीम ऐच्छिक आहे का सक्तीची. बँकेतला क्लार्क कोअर बँकिंग वापरायचं का नाही हे स्वतः ठरवत नाही, तसंच इथलं. "ही प्रणाली वापरण्याचा तुमचा इरादा आहे का?" असं त्याला विचारून काय मिळणार? नोकरी आहे म्हटल्यावर वापरणारच. हा मुद्दा टप्पा ४ मध्ये परत लागणार आहे, आत्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तपासा: तुमचा प्रश्न स्टोअरकीपरला साध्या भाषेत वाचून दाखवा. "हां, हे आमच्याकडे होतं" असं तो म्हणाला तर पुढे जा. नुसताच गोंधळून बघत राहिला तर प्रश्न अजून पुस्तकातलाच आहे.

टप्पा ३: वाचन, पण लेखकवार नाही

लिटरेचर रिव्ह्यूचा ठरलेला नमुना सगळ्यांना माहितीये: अमुक यांनी २०१२ मध्ये असं सांगितलं, तमुक यांनी २०१५ मध्ये तसं सांगितलं, पन्नास पानं अशीच. ही यादी झाली. जेन वेब्स्टर आणि रिचर्ड वॉटसन यांचा २००२ चा एमआयएस क्वार्टर्ली या जर्नलमधला लेख या विषयात त्यासाठीच सांगतात, त्यांचं म्हणणं असं की मांडणी संकल्पनेवर करा. एक्सेलची एक शीट घ्या, आडव्या रांगेत एकेक पेपर, उभ्या रकान्यात संकल्पना: सिस्टीमला दिलेला वळसा, डेटाची गुणवत्ता, सत्ता आणि विरोध, ट्रेनिंग, वरिष्ठांचा पाठिंबा. कुठल्या पेपरमध्ये काय आहे तिथे खूण करत जा. रिकामा राहिलेला रकाना दिसला की संशोधनातली फट कुठे आहे ते कळतं, आणि मग ती शब्दांनी फुगवून सांगावी लागत नाही.

शोधायचं कुठे? या विषयातल्या जाणत्या संशोधकांनी आठ जर्नल्सची एक टोपली ठरवली होती, एमआयएस क्वार्टर्ली, इन्फर्मेशन सिस्टिम्स रिसर्च वगैरे त्यात येतात, आणि २०२३ मध्ये ती अकरांची झाली. तिथून सुरुवात करा. भारतातलं आधी काय झालंय ते बघायला इन्फ्लिबनेट या संस्थेचा शोधगंगा हा ऑनलाइन संग्रह आहे, थिसिस फुकट वाचता येतात. नोंदी ठेवायला झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा, शेवटच्या महिन्यात संदर्भ जुळवत बसणं फार जीव खातं.

सावध राहा: यूजीसी-केअरची मान्य जर्नल्सची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे "यादीत आहे ना" हा आधार आता राहिला नाही. जर्नलचं संपादक मंडळ, जुने अंक, तपासणीची पद्धत हे स्वतः बघा. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, त्यातले पेपर वाचनात सुद्धा घेऊ नका. आणि मूळ पेपर न उघडता दुसऱ्याच्या थिसिसमधून संदर्भ उचलू नका, चुका अशाच एका थिसिसमधून दुसऱ्यात जातात.

टप्पा ४: थिअरी प्रश्नाला बसते का बघा

टॅम म्हणजे टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल घ्यायचं हे जवळजवळ आधीच ठरलेलं असतं. सोपं आहे, प्रश्नावली तयार मिळते. फ्रेड डेव्हिस यांचा तो १९८९ चा पेपर मुळातून वाचा. दोन अभ्यास, एकूण १५२ जण आणि चार सॉफ्टवेअर, त्यातल्या एका अभ्यासातली माणसं आयबीएमच्या टोरोंटोच्या लॅबमधली, ईमेल आणि फाइल एडिटर वापरणारी, आणि दुसऱ्यात एमबीएचे विद्यार्थी. उपयुक्तता वाटते का आणि वापरायला सोपं वाटतं का, यावरून माणूस ते साधन वापरेल का याचा अंदाज. म्हणजे माणसाला निवड आहे तिथे हे मॉडेल नीट बोलतं. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये निवड कुठाय?

सक्तीची सिस्टीम असेल तर डीलोन आणि मॅक्लीन यांचं माहिती प्रणालीच्या यशाचं मॉडेल जास्त उपयोगी पडतं. पहिलं १९९२ चं, सुधारलेलं २००३ चं, सुधारलेलं घ्या. त्यात सिस्टीमची गुणवत्ता, माहितीची गुणवत्ता, सेवेची गुणवत्ता, वापर, समाधान आणि निव्वळ फायदा असे भाग आहेत. "वापरता का" असं न विचारता "स्क्रीनवरच्या स्टॉकवर विसंबून तुम्ही खरेदीची ऑर्डर काढाल का" असं विचारता येतं, आणि हा प्रश्न स्टोअरकीपरला लगेच कळतो.

यूटीएयूटी (माणसं तंत्रज्ञान का स्वीकारतात त्याचं आणखी एक मॉडेल) घ्यायचं असेल तर २००३ चं मूळ मॉडेल कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि २०१२ चं दुसरं रूप ग्राहकांसाठी आहे. दुसऱ्या रूपात गंमत म्हणून वापरणं, मोजलेल्या पैशांच्या मानाने मिळणारा फायदा असले घटक येतात, कारखान्याच्या क्लार्कने लायसन्सचे पैसे खिशातून भरलेले नसतात. तरी हे दुसरं रूप कर्मचाऱ्यांवर लावलेले थिसिस सर्रास दिसतात. मूळ मॉडेलमध्ये ऐच्छिकता हा घटक मुद्दाम ठेवलाय, तो गाळून टाकायचा नाही.

आणि प्रश्न "का टिकून राहिलं", "विरोध का झाला" असा असेल तर यातलं एकही मॉडेल पुरणार नाही. मग लिन मार्कस यांचा १९८३ चा लेख वाचाच. एका मोठ्या कंपनीत नवीन आर्थिक माहिती प्रणाली आली, मुख्यालयाच्या अकाउंटंटना ती आवडली आणि विभागांतल्या अकाउंटंटनी विरोध केला, कारण आकडे आता थेट वर दिसायला लागले आणि विभागांच्या हातातली सत्ता गेली. दोष माणसांचा म्हणून किंवा सॉफ्टवेअरचा म्हणून सोडून देता येत नाही, सिस्टीम आणि संस्थेतली सत्ता यांचा मेळ बघावा लागतो. आपल्या सहकारी संस्थांमध्ये संचालक मंडळ, कार्यकारी संचालक, खातेप्रमुख, युनियन हे सगळं असताना हा चष्मा लावला नाही तर निम्मं दिसतच नाही, असं मला ठामपणे वाटतं.

तपासा: मॉडेलमधला प्रत्येक चौकोन घ्या आणि टप्पा १ च्या वहीत त्याचं एक तरी उदाहरण आहे का शोधा. नसेल तर तो चौकोन तुमच्या जागेवर लागू नाही.

टप्पा ५: सर्व्हे का केस स्टडी

याचं उत्तर प्रश्नातच असतं. "किती", "कशाचा कशाशी संबंध" असेल तर सर्व्हे. "कसं", "का" असेल तर केस स्टडी. गाइडला आकडे आवडतात म्हणून सर्व्हे, किंवा स्टॅटिस्टिक्सची भीती वाटते म्हणून केस स्टडी, ही दोन्ही कारणं पुढे गळ्यात येतात. केस स्टडी सोपी असते हा मोठा गैरसमज आहे, त्यात लिखाण आणि फेऱ्या दोन्ही जास्त. अर्थ लावण्याच्या पद्धतीने करणार असाल तर क्लाइन आणि मायर्स यांची १९९९ ची सात तत्त्वं समोर ठेवा, परीक्षकाच्या बऱ्याच प्रश्नांना तिथूनच उत्तर देता येतं.

टप्पा ६: परवानगी, वेळ आणि माणसांची सुरक्षितता

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं अडतं.

आधी कॅलेंडर बघा. महाराष्ट्रात गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. हंगामात स्टोअर आणि शेतकी विभागाला मान वर करायला वेळ नसतो, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असल्यामुळे अकाउंट्सवाले बिलांत बुडालेले असतात. म्हणून लांबलचक मुलाखती हंगाम संपल्यावर ठेवा. पण नुसतं बघायला मात्र हंगामातच जा, कारण सिस्टीमवर ताण येतो तो तेव्हाच, मेमध्ये गेलात तर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं दिसेल. बँक असेल तर मार्चएंड आणि तपासणीचे दिवस टाळा.

पत्र एक पानाचं ठेवा आणि मराठीत लिहा. कशाचा अभ्यास आहे, कुठल्या विभागात, किती जणांशी बोलणार, प्रत्येकाचा किती वेळ जाणार, कुठली माहिती मागणार नाही, संस्थेचं नाव लपवणार का, आणि शेवटी संस्थेला काय देणार. "कुठली माहिती मागणार नाही" हे लिहिलं की परवानगी मिळण्याची शक्यता बरीच वाढते, कारण वरच्यांची पहिली भीती तीच असते. सही अशा माणसाची घ्या ज्याला ती द्यायचा अधिकार आहे, आयटीच्या ओळखीच्या मुलाने "या हो, बघून घेऊ" म्हणणं म्हणजे परवानगी नाही.

आता माणसांचं. कर्मचाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: हे साहेबांना दाखवणार का? त्याचं उत्तर त्याने विचारायच्या आधी द्या. फॉर्म एचआरमार्फत वाटू नका आणि एचआरकडे गोळा करू देऊ नका, तसं केलंत तर सगळे "पूर्णपणे सहमत" वर टिक करून मोकळे होतील आणि त्यात त्यांची काही चूक नाही. नाव लपवलं म्हणजे ओळख लपली असंही समजू नका, कारखान्यात मुख्य स्टोअरकीपर एकच असतो, "स्टोअरमधील एक वरिष्ठ कर्मचारी" लिहिलं तरी गेटवरच्या वॉचमनलासुद्धा कळतं कोण ते. तिथे हुद्दा बदला, दोघांचं म्हणणं एकत्र करा, किंवा ते वाक्य वापरूच नका. तुमच्या एका छान कोटपायी कुणाची बदली व्हावी असं काही मोठं नसतं रिसर्चमध्ये.

सावध राहा: "डेटा देतो, पेनड्राइव्ह आणा" म्हणून कुणी अख्खा डेटाबेस पुढे केला तर घेऊ नका. त्यात शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, मोबाइल नंबर सगळं असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर हे आणखी जपून करायला हवं. लागतील तेवढेच रकाने मागा आणि नावं तिथेच काढून घ्या.

टप्पा ७: आता प्रश्नावली बनवा

फॉर्मची वेळ आत्ता आली. मोजमापाचे प्रश्न मूळ पेपरमधून घ्या, स्वतः शोधून काढू नका, पण तसेच्या तसे चिकटवूही नका. "प्रणाली" म्हणजे नेमकी कुठली ते सांगा: "स्टोअरची ईआरपी स्क्रीन" असं लिहा, नाहीतर एक जण टॅलीबद्दल उत्तर देतो आणि दुसरा वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरबद्दल.

मराठीत करणं भागच आहे. एकाने मराठी करायचं, मूळ इंग्रजी न बघितलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक बघायचा. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही चालते. मराठी मात्र बोलीतलं ठेवा, सरकारी जीआरसारखं नको.

एका वाक्यात दोन प्रश्न ही सर्रास होणारी चूक. "प्रणाली वेगवान आणि अचूक आहे" याला स्टोअरकीपर काय उत्तर देणार? स्क्रीन पटकन उघडते पण आकडा चुकीचा असतो. दोन वेगळी वाक्यं करा.

मग पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी. तीस जणांना फॉर्म पाठवून अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) काढणं एवढंच पायलट नसतं. त्याआधी पाच-सहा जणांच्या शेजारी बसा, एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि "तुम्हाला यातून काय समजलं?" असं विचारा. निम्म्या प्रश्नांचा वेगळाच अर्थ लागलेला असतो आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

मुलाखतीसाठी प्रश्न मतांचे नकोत, प्रसंगांचे हवेत. "सिस्टीमबद्दल तुमचं मत काय?" म्हटलं की "चांगली आहे सर" एवढंच येतं. त्याऐवजी "गेल्या हंगामात रात्री पार्ट लागला होता तेव्हा काय काय केलंत, पहिल्यापासून सांगा" असं विचारा, माणूस खुलतो, आणि रजिस्टर, फोन, नंतरची एन्ट्री, ऑडिटरने काढलेली हरकत हे सगळं आपोआप बाहेर येतं.

तपासा: प्रत्येक प्रश्नासमोर लिहा की याचं उत्तर मूळ प्रश्नाच्या कुठल्या भागाला लागतं. ज्याच्यासमोर काही लिहिता आलं नाही तो काढून टाका, माहितीपर म्हणून ठेवलेले उत्पन्न आणि वैवाहिक स्थितीचे प्रश्न बहुतेक इथेच गळतात.

टप्पा ८: डेटा गोळा करणं

३८४ चं काय ते बघू. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला, लोकसंख्या फार मोठी असेल तेव्हाचा, आणि निवड पूर्ण यादृच्छिक असेल हे धरून काढलेला. ६० जणांच्या विभागाला तोच तक्ता ५२ सांगतो, म्हणजे सगळ्यांनाच विचारून टाका. आणि ओळखीच्यांना फॉर्म पाठवून ३८४ भरले तर तो तक्ता दाखवण्यात काही अर्थ नाही, कारण त्याची मूळ अटच मोडली. सोयीने निवडलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. मॉडेल तपासायचं असेल तर नमुना किती लागतो ते जीपॉवरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये काढून दाखवा.

दुसरा धोका: एकाच माणसाने एकाच वेळी एकाच फॉर्मवर कारण आणि परिणाम दोन्ही भरले तर संबंध आपोआप फुगतो. शेवटी हार्मनची चाचणी (असा फुगवटा आहे का ते बघणारी) चिकटवून हे सुटत नाही. शक्य असेल तर परिणाम दुसरीकडून घ्या, आणि माहिती प्रणालीच्या अभ्यासात ही सोय हाताशी असते कारण सिस्टीम स्वतःच नोंदी ठेवते. माल आल्याची तारीख आणि एन्ट्री केल्याची तारीख-वेळ एवढे दोनच रकाने नावाशिवाय मिळाले तरी बघा काय दिसतं. सगळ्या एन्ट्र्या संध्याकाळी पाच ते सहामध्ये झालेल्या असतील तर दिवसभर काम कागदावर चालतं आणि सिस्टीम फक्त दिवसअखेरीला भरली जाते, मग फॉर्मवर कुणी काहीही लिहो.

मुलाखतीच्या नोंदी त्याच रात्री लिहून काढा. रेकॉर्डिंगला नाही म्हणाले तर आग्रह धरू नका. आणि फक्त साहेबांशी बोलून परत येऊ नका, फिटर, क्लार्क, खरेदीवाले, ऑडिट बघणारे, सॉफ्टवेअर कंपनीचा सपोर्टवाला, प्रत्येकाच्या जागेवरून सिस्टीम वेगळी दिसते.

टप्पा ९: विश्लेषण

आधी सफाई. सगळीकडे "४" टिक केलेले फॉर्म, दीड मिनिटात भरलेले फॉर्म बाजूला काढा, किती काढले आणि का ते लिहा. त्यानंतरच पुढे:

१. विश्वसनीयता. क्रोनबॅक अल्फा ०.७ च्या वर असावा असं मानतात. पण ०.९५ च्या वर गेला तर खूश होऊ नका, तोच प्रश्न शब्द फिरवून विचारला असण्याची शक्यता आहे. आणि अल्फा चांगला आला म्हणजे जे मोजायचं होतं तेच मोजलं, असं सिद्ध होत नाही.

२. वैधता. एव्हीई (एका संकल्पनेचे प्रश्न तीच संकल्पना किती पकडतात) ०.५ च्या वर आणि एचटीएमटी (दोन संकल्पना एकमेकींत किती मिसळल्यात) ०.८५ किंवा फार तर ०.९० च्या खाली. उपयुक्तता आणि समाधान या दोन संकल्पना लोकांनी एकच धरल्या असतील तर ते इथे उघड होतं.

३. मग मॉडेल. मॉडेल तपासायला पीएलएस ही पद्धत घ्यायची का एएमओएस हे सॉफ्टवेअर, यावर आठवडा घालवू नका, प्रश्नाला काय लागतं ते गाइडशी बोलून ठरवा. जमोव्ही आणि आर ही आकडेवारीची साधनं फुकट आहेत, चोरीचं सॉफ्टवेअर वापरायची गरज नाही.

एकदाच घेतलेल्या सर्व्हेतून "यामुळे ते झालं" असं लिहू नका, "संबंध आढळला" एवढंच. आणि एखादं हायपोथिसिस नाकारलं गेलं तर ते तसंच राहू द्या. सक्तीच्या सिस्टीममध्ये सोपेपणाचा समाधानाशी संबंध दिसला नाही, हीसुद्धा सांगण्यासारखी गोष्ट आहे. निकाल बघून हायपोथिसिस बदलणं ही फसवणूकच.

मुलाखतींसाठी आधी कोड (बोलण्याच्या प्रत्येक तुकड्याला दिलेलं छोटं नाव), मग कोडचे गट, मग त्यातला अर्थ. टॅगेट, क्वालकोडर ही फुकट साधनं पुरतात. जो प्रसंग तुमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो तो मुद्दाम शोधा आणि लिहा, उदाहरणार्थ ज्या पाळीत रात्रीसुद्धा एन्ट्री लगेच होते तिथे काय वेगळं आहे? कदाचित तिथल्या माणसाला स्वतः मंजुरी द्यायचा अधिकार असेल, आणि तसं निघालं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर ट्रेनिंगमध्ये नाही, अधिकाराच्या वाटपात आहे.

टप्पा १०: लिहिणं आणि संस्थेला परत देणं

शिफारशींमध्ये "प्रशिक्षण द्यावे, जनजागृती करावी" एवढंच आलं तर समजा की डेटा वाचलाच नाही. शिफारस अमलात आणता येईल अशी पाहिजे: रात्रपाळीच्या इंजिनिअरला ठरावीक रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार द्या, आणीबाणीच्या इश्यूसाठी मोबाइलवर दोन बटणांची स्क्रीन करा, बिन कार्ड आणि स्क्रीनचा मेळ दर आठवड्याला घाला.

साहित्यचोरीचं यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात. पण शब्द फिरवून टक्का खाली आणणं म्हणजे स्वतःचं लिहिणं नव्हे, थिअरीचा भाग मूळ पेपर मिटवून आपल्या शब्दांत लिहा, तो आपोआप वेगळा येतो.

सबमिट करायच्या आधी संस्थेतल्या ज्यांच्याशी बोललात त्यांच्यापैकी दोघा-तिघांना निष्कर्ष सांगा. चुकीचं समजलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं. नंतर संस्थेसाठी दोन पानांची मराठी टिपणी वेगळी करा, त्यात मॉडेल, अल्फा काही नको, काय दिसलं आणि काय करता येईल एवढंच. ती पाठवायच्या आधी शेवटचं एकदा वाचा, त्यातल्या कुठल्या वाक्यावरून बोट एका माणसाकडे जातंय का ते बघा, जात असेल तर ते वाक्य काढा, आणि मगच पाठवा. रेकॉर्डिंग आणि नावांची यादी पासवर्ड लावून थिसिसपासून वेगळी ठेवा आणि विद्यापीठाने सांगितलेली मुदत संपली की डिलीट करा, क्लाउडवरची कॉपीसुद्धा.